सव्वा मूठ गहू

परातीत गहू पडत होते. अक्का सुपातून मूठ भरायच्या, एकेका पुरुषाचं नाव घ्यायच्या, मूठ परातीत सोडायच्या आणि वर थोडे दाणे आणखी टाकायच्या. ती सव्वा मूठ. श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट त्याच गव्हाचे होतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, आणि ते रोट खायचे फक्त भाऊबंदांनी.

पोरींनो, अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. गावच्या पाटलाची लेक, घरची कर्ती. मूठ मोजायचा मान त्यांचा. एरंडोलजवळच्या त्या घरात आम्ही सगळ्या सुना परातीभोवती बसलो होतो. माझ्या थोरल्या दिरांचं नाव झालं, त्यांच्या मुलांची झाली, तुमच्या आजोबांचं झालं. अक्कांच्या चार महिन्यांच्या नातवाचंही झालं. मग चुलत सासूबाईंनी तुमच्या मामाचं, माझ्या मुलाचं, नाव सुचवलं. अक्कांचा हात सुपातच थांबला.

"त्यानी मूठ र्‍हाऊ दे. तो कितला दिनना पाव्हना शे?"

तो किती दिवसांचा पाहुणा आहे. असं म्हणून अक्कांनी सूप झटकलं.

तो तिथेच होता. सात वर्षांचा. खांबाला टेकून, भर श्रावणात स्वेटर घालून. अहिराणी त्याला माझ्यापेक्षा चांगली कळायची.

आणि मी? इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली. जळगावात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. मी मान खाली घालून परातीतले खडे वेचत राहिले. परातीत खडे नव्हते. ते गहू आदल्या दिवशी मीच निवडले होते.

आता मागचं सांगते. तुमचा मामा सहा महिन्यांचा झाला आणि आजारी पडायला लागला. कान फुटायचा. न्यूमोनिया व्हायचा. बरा झाला की महिन्याभरात पुन्हा. मी वही ठेवली होती. तारीख, वेळ, ताप, औषध. चौथ्या वहीच्या वेळी जळगावच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि मुंबईला पाठवलं. तिथे कळलं की रोगाशी लढायला रक्तात जे लागतं ते त्याच्या रक्तात तयारच होत नाही. जन्मापासून. ते बाहेरून टोचायचं, दर तीन आठवड्यांनी, कायम. आजोबा मुंबईहून ते औषध बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये घेऊन यायचे आणि गाडीत रात्रभर थर्मास मांडीवर धरून बसायचे.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. हा दोष आईकडून येतो; मुलगा आजारी पडतो, मुलीत तो लपून राहतो आणि तिच्या मुलांपर्यंत जातो.

तुमच्या आजोबांनी हे दोन्ही आपल्या थोरल्या भावाला, अक्कांच्या नवऱ्याला, सांगितलं. भावापासून काय लपवायचं, असं त्यांना वाटलं. भाऊंनी अक्कांना सांगितलं. त्यानंतर मी त्या घरात पाय ठेवला की अक्का चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणायच्या, पोस्टमनची पोर घरात आणली, तिने हे टपाल आणलं. सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. माझे वडील धुळ्याला पोस्टमन होते.

बाहेरच्यांना मी सांगायचे, दमा आहे. त्या वर्षांत पेपरात एका नव्या रोगाच्या बातम्या येत होत्या. रक्तात लढायची ताकद नाही म्हटलं की ऐकणारा दोन पावलं मागे सरकायचा. हा तो रोग नाही हे समजावून सांगायला मला पाच वाक्यं लागली असती. ती पाच वाक्यं मी कधी बोलले नाही. दमा म्हटलं की काम व्हायचं.

त्याची मूठ राहिली त्या दिवशी मी उकळलेल्या पाण्याची किटली घेऊन मागच्या ओट्यावर गेले. तुमचा मामा आणि तुमची आई, दोन्ही मुलं पाठोपाठ आली. मामाने विचारलं, "माझी मूठ का नाही घेतली?"

मी म्हणाले, "तू लहान आहेस म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चार महिन्यांच्या बाळाची मूठ मोजलेली त्याने पाहिली होती. मी खोटं बोलले हे त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे मला कळलं. मी पेला विसळायला लागले.

तेव्हा तुमची आई बोलली. दहा वर्षांची होती. भावाचा हात धरून, अगदी समजूत काढत म्हणाली, "माझी तर कधीच नसते. त्यात काय?"

मी पेला विसळायची थांबले. दहा वर्षं ती माझ्याबरोबर त्या परातीशी बसत होती. तिची मूठ कोणी घेतली नव्हती, आणि मला ते एकदाही टोचलं नव्हतं. मुलाची गेली तेव्हा टोचलं. अक्कांनी जे एका दिवशी केलं ते मी दहा वर्षं चालू दिलं होतं.

तरी त्या वर्षी मी काही केलं नाही. रोट झाले. त्याने तोंड मिटून घेतलं. "यात माझा नाही." मी त्याला दटावून घास भरवला. हे लिहिताना अजून माझी मान वर होत नाही.

पुढच्या श्रावणापर्यंत दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. पाचवी वही संपली. आणि श्रावण आला तेव्हा पाहुणा अजून होता. उंची तीन बोटं वाढली होती. तो म्हणाला, मी तिथे येत नाही. मी त्याला घेऊन गेले.

तीच परात, तेच सूप. अक्कांनी त्या बाळाचं नाव घेतलं, आता ते चालत होतं, आणि सूप बाजूला ठेवलं. मी सुपात हात घातला. अक्कांनी माझं मनगट धरलं. धाकट्या सुनेने मूठ घ्यायची नसते.

"अक्का, हात सोडा," मी म्हणाले. "ही माझ्या मुलाची सव्वा मूठ." गहू परातीत टाकले. मग दुसरी भरली. "आणि ही माझ्या मुलीची."

कोणीतरी म्हणालं, पोरीची कुठे असते. मी म्हणाले, आजपासून असते. आणि दमा नाही त्याला. मग ती पाच वाक्यं मी बोलले, सगळ्या बायकांसमोर. शेवटचं वाक्य असं होतं, की हे माझ्याकडून आलं आहे, आणि माझ्या मुलीतही असू शकतं.

भाऊ दारात येऊन तुमच्या आजोबांना एवढंच म्हणाले, "बाईले आवर." आजोबांनी कोपऱ्यातली आमची पिशवी उचलली. दुपारच्या एसटीने आम्ही जळगावला परत आलो. ती परात त्यांनी गुरांपुढे ओतली आणि नवे गहू मोजले, असं नंतर कळलं. आम्हाला पुन्हा बोलावणं आलं नाही.

तुमचा मामा चोविसाव्या वर्षी गेला. अक्कांनी निरोप पाठवला नाही, पण त्या काय म्हणाल्या ते माझ्यापर्यंत पोचलं. मी म्हटलं नव्हतं का.

आणि गेल्या आठवड्यात फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, मामाला काय झालं होतं?" मी म्हणाले, "दमा."

इतक्या वर्षांनी. सवयीने. तुमची आईही हे बोलत नाही. गप्प राहणं ती माझ्याकडूनच शिकली.

म्हणून हे लिहिते आहे. त्याला दमा नव्हता. त्याच्या रक्तात जन्मापासून लढायची ताकद नव्हती. ते माझ्याकडून गेलं. तुमच्या आईकडून तुम्हा दोघींपर्यंत आलं असेल. रक्त तपासून घ्या. लग्न ठरवाल तेव्हा समोरच्याला पाचही वाक्यं सांगा. तो दोन पावलं मागे सरकला तर सरकू द्या.

हा कागद मी आधी तुमच्या आईला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. मग पाकिटात घालीन.