‘मी करतो’ म्हणणाऱ्या मुलीसाठी आंबागडला

आंबागडला लोक किल्ला बघायला जातात. मी गेले ती रागाच्या भरात.

खेड्यांतल्या मुली आमच्या नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात येत नाहीत, म्हणून यंदा काही सहकारी तुमसरला जाऊन मुलाखती घेऊन आले. परतल्यावर एका सरांनी स्टाफरूममध्ये किस्सा रंगवून सांगितला. ‘‘रात्रपाळी जमेल का?’’ असं विचारल्यावर आंबागडची आचल नावाची मुलगी म्हणाली, ‘‘हो, मी करतो.’’ सरांनी विचारलं, ‘‘मुलगी आहेस की मुलगा?’’ सगळे हसले, पोरगी गप्प झाली आणि बारावी सायन्सला चांगले मार्क असूनही ‘संवाद कच्चा’ म्हणून बाद झाली.

अहो, त्या भागात बायका ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात! आमच्या वॉर्डात तिकडच्या बायका ‘मी मरतो वो बाई’ म्हणून कण्हतात, तेव्हा कोणी व्याकरण काढत बसतं का? माझं डोकंच फिरलं. प्राचार्यांशी भांडले. ‘‘बरं, बोलवा परत,’’ एवढं त्यांच्याकडून वदवून घेतलं आणि रविवारी गाडी काढली.

तुम्ही जाणार असाल तर शहापूरला थांबून तर्रीपोहे खा. मी रागात दोन प्लेट खाल्ले. पेट्रोल तुमसरलाच भरून घ्या, पुढचा रस्ता अरुंद आहे आणि खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. किल्ल्याच्या पायऱ्या पावसाळ्यात निसरड्या असतात म्हणे. मी काही चढले नाही.

गावात घरं बंद होती. धानाची रोवणी चालू होती, सगळ्या बायका शेतात. आचल आणि तिची माय पिंढरीभर चिखलात वाकून रोपं लावत होत्या. मी कुठून आले ते सांगताच मायचा चेहरा उतरला.

‘‘आता कायले आले जी मॅडम? पोरगी तिकडून आली तशी धड जेवली नाही.’’

‘‘परत मुलाखत घेणार आहेत. तिला बोलवायला आले.’’

माय आचलकडे वळली. ‘‘जायचं आहे का तुले?’’

‘‘मले नर्सच व्हायचं आहे,’’ आचल म्हणाली. मग माझ्याकडे बघून, ‘‘पण पुन्हा हासतीन ना?’’

‘‘कोणी हसणार नाही.’’

‘‘मग मी येतो,’’ ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. इतकी वर्षं बिनघोर बोललेला शब्द आता तिला टोचत होता, आणि ही आमची कमाई.

मायनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. असं वरण नागपुरात मिळत नाही.

मुलाखतीची तारीख ठरवायला सोमवारी प्राचार्यांना भेटले. ते म्हणाले, ‘‘घेऊ की. फक्त ते करतो-बिरतो सुधारून यायला सांगा.’’ मी म्हटलं, सर, आपण नर्स शोधतोय, वक्तृत्व स्पर्धा नाही भरवत. ते हसले. अट काही सुटली नाही.

संध्याकाळी घरून आचलला फोन केला आणि जे होतं ते सांगितलं. खोटं बोलवेना. ती सावकाश, एकेक शब्द तपासून म्हणाली, ‘‘मग मी येत नाही, मॅडम.’’

बाईनं म्हटलं काय नि पुरुषानं म्हटलं काय, हे वाक्य तेच राहतं. यावर कोणालाच हसता येणार नव्हतं.