अकरा घरांचे तांदूळ

गोंदिया मागे पडलं आणि समोरच्या बर्थवरच्या बाईंनी डबा उघडला. त्यात ठेठरी होती (बेसनाची वळून तळलेली कडक काडी). दोन काड्या माझ्या हातावर ठेवून त्यांनी विचारलं, "क्या करती हो, बेटी?"

"घर से काम करती हूँ," मी म्हणाले.

नोकरी सोडून सात महिने झाले होते आणि घरातून मी फक्त झोपण्याचं काम करत होते. पण हे असं ठेठरी खाता खाता अनोळखी बाईंना कसं सांगायचं? मी खिडकीबाहेर बघायला लागले. धानाची कापणी होऊन गेलेली रिकामी शेतं, मधूनच एखादं तळं, आणि मग डोंगरगडची टेकडी आली. बाईंनी टेकडीवरच्या देवळाला हात जोडले. मी खोटं बोलले होते म्हणून असेल, पण मीही जोडले.

पुण्यात मी विम्याचे अर्ज तपासत असे. कोणत्या अर्जात कोणता कागद कमी आहे ते शोधायचं आणि अर्ज परत पाठवायचा. या कामात मी हुशार होते. मग एका सकाळी ऑफिसच्या थांब्यावर मला बसमधून उतरताच येईना. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, त्याच बसने परत आले, पुन्हा गेले. पुढच्या महिन्यात राजीनामा दिला. तेव्हा माझं पंचविसावं सरलं नव्हतं. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून सांगितलं आणि रोजची एक गोळी दिली. आपल्या मनाने बंद करायची नाही, हे दोनदा बजावलं. खोलीभाडं आणि फोनचे हप्ते भरता भरता साठवलेलं संपलं, तेव्हा बॅगा घेऊन नाशिकला आईबाबांकडे आले. "रिटायर झालीस का?" एवढंच बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. गोळ्यांचं मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या व्हिटॅमिनच्या बाटलीत राहत होत्या.

शेवटी आईने रायपूरला तिच्या बहिणीला फोन लावला आणि मावशीने तिकीटच काढून पाठवलं. दुसऱ्याच्या पैशाचं तिकीट माझ्या घशात अडकलं होतं, पण नाही म्हणायलाही जोर लागतो. तो नव्हता.

रायपूर स्टेशनवर मावशीने मला आधी मिठी मारली आणि मग हाताला धरून लांब उभं केलं. "काहून येवढी वाळली वो तू? तुही माय जेवाले देत नाही का तुले?" मागे स्कूटरची किल्ली फिरवत मावसाजी उभे होते (विदर्भात मावशीच्या नवऱ्याला मावसाजी म्हणतात). ते "जयभीम, बेटा" म्हणाले आणि माझी बॅग उचलून चालायला लागले. मावसाजी रेल्वेच्या कारखान्यात वॅगन दुरुस्त करत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी कुठलीही वस्तू उचलली की आधी तिचे स्क्रू तपासतात. माझ्या बॅगेचं निखळलेलं चाक त्यांनी त्याच संध्याकाळी बसवून टाकलं.

घर शहराच्या उरल्याकडच्या टोकाला आहे. उरला म्हणजे लोखंडाच्या कारखान्यांचा भाग. सकाळी शिफ्ट सुटली की रस्ताभर सायकली, ट्रक आणि धूळ. मावशी कपडे कधीच गच्चीवर वाळत घालत नाही. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा करून माझा पांढरा कुर्ता वर टाकला आणि दुपारी तो करडा होऊन खाली आला. "घे, आता तू रायपूरची झाली," मावशी म्हणाली.

दिवस जेवणाखाणाचेच होते. सकाळी चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) आणि टोमॅटोची तिखट चटणी, संध्याकाळी कधी फरा (भाताचे वाफवलेले मुटके). मी दहा-दहा तास झोपायची आणि उठल्यावर कोणी काही विचारायचं नाही. बैठकीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली मावसाजी रेडिओ खोलून बसलेले असत. मला बघून ते फक्त सरकून जागा करत. तिथे बसून मी पहिल्यांदाच शांतपणे गोळ्या मोजल्या. आठ उरल्या होत्या.

परतीचं तिकीट माझं मीच काढणार, हे मी आल्या दिवशीच मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं. पर्समध्ये होते तेवढे त्याचेच पैसे. एका दुपारी पुरानी बस्ती बघून येते असं सांगून बाहेर पडले. तो रायपूरचा सगळ्यात जुना भाग. अरुंद गल्ल्या, वळणावळणावर देऊळ, ओट्यावर ऊन खात बसलेल्या बायका. मी मात्र औषधाचं दुकान शोधत होते. दुकानदाराने डॉक्टरांचा कागद बघितला, पट्ट्या काढल्या, किंमत सांगितली. ती दिली असती तर तिकिटाला काही उरलं नसतं. मी "बाद में आती हूँ" म्हणून उतरले आणि रिक्षाचे पैसे वाचवायला चालत निघाले. एकाच देवळासमोर तीनदा आले. तिसऱ्या वेळी ओट्यावरच्या एका बाईने न बोलता उजवीकडे बोट दाखवलं. घरी पोचले तेव्हा टाचेला फोड आला होता. त्या दिवसापासून मी गोळी एक दिवसाआड घ्यायला लागले.

अर्धी गोष्ट पैशांची होती, अर्धी माझ्या नाकाची. मावशीला एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मागायचं म्हणजे कशासाठी तेही सांगायचं. तिकीट तिचं, चीला तिचा, आणि आता डोकं ठिकाणावर ठेवायचा खर्चही तिचाच? मागण्यापेक्षा चक्कर येणं मला परवडत होतं. आणि ती येऊ लागली होती. झोप उडाली, भिंत धरून उठावं लागायचं, आणि कारण नसताना रडू यायचं. बाटलीत दोन गोळ्या उरल्या.

अशात पौष पौर्णिमेची सकाळ उजाडली. मावशी अंघोळीला गेली होती. दारात गलका झाला म्हणून उघडलं तर सात-आठ मुलं, हातात पिशव्या, आणि एका सुरात "छेरछेरा!" मी पुण्याच्या सिग्नलवर शिकलेलं वाक्य म्हटलं, "छुट्टे नहीं हैं, आगे जाओ." मुलं माझ्याकडे बघतच राहिली. मग गेली.

मावशी ओल्या केसांनी बाहेर आली. "कोन होतं वो?"

"मागणारी मुलं. पाठवली परत."

"परत पाठवली? आज?" तिने कपाळावर हात मारला. "अवं, आज छेरछेरा हाय! आज दारातून कोनालेच रिकामं धाडत नाही!" आणि माझी मावशी, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी, टॉवेल गुंडाळलेल्या डोक्याने गल्लीच्या टोकापर्यंत धावली आणि सगळी वरात परत घेऊन आली. मग तिने डब्यातून ओंजळी भरभरून प्रत्येकाच्या पिशवीत तांदूळ घातले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धान घरात आलं की छत्तीसगढमध्ये या दिवशी घरोघरी जाऊन धान-तांदूळ मागतात. हे मावशी मला सांगत होती तोवर शेजारची साहू दीदी आली. तिचा नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात मोठा साहेब आहे, दारात गाडी आहे. अंगावर रेशमी साडी, खांद्याला कापडी झोळी. दारात उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "छेरछेरा!"

"आप भी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हव (हो), मैं भी. मेरी सास भी मांगती थी." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "आज मांगे बर लाज नइ लागय (आज मागायला लाज वाटत नाही). चल, तहूं चल (तूही चल)."

मावशीने माझ्या हातात पिशवी कोंबली. नाही म्हणायला पुन्हा जोर लागणार होता.

पहिल्या घरी माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. दीदीच्या झोळीत तांदूळ पडले, माझी पिशवी तशीच. मी आशेने दीदीकडे बघितलं. ती हसून म्हणाली, "तुम्हारे लिए मैं थोड़े ही मांगूंगी." दुसऱ्या घरीही तेच झालं. तिसऱ्या घरी एक म्हातारे बाबा खाटेवर ऊन खात बसले होते. मी पुटपुटले. त्यांनी कानाला हात लावला. "का कहिस? (काय म्हणालीस?)"

"छेरछेरा!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने, की समोरच्या गच्चीवरचं कुत्रं भुंकायला लागलं. बाबांना भलता आनंद झाला. त्यांनी उठून, काठी टेकत आत जाऊन दोन मुठी धान आणलं आणि माझ्या पिशवीत घातलं. कोण, कुठली, काम काय करतेस, काही विचारलं नाही. माझ्याकडे आलेल्या एकाही अर्जाला मी असं कधी वागवलं नव्हतं.

पुढे मीच दीदीच्या पुढे चालायला लागले. कुठे जाडा तांदूळ, कुठे बारीक, कुठे टरफलासकट धान, एका घरी तांदळावर दहा रुपयांचं नाणं. परतताना सुटलेल्या पहिल्या दोन घरीही मागितलं. दहा घरं झाली. अकरावं दार मावशीचं.

"छेरछेरा, मावशी!"

मावशी हसत हसत सूप घेऊन आली आणि तांदूळ पिशवीत ओतू लागली. आवाज मोकळा झाला होता, तो पुन्हा बसायच्या आत मी बोलून टाकलं. "मावशी, मला औषधाला पैसे पाहिजेत. डिप्रेशनच्या गोळ्या आहेत. दोनच उरल्यात. मी एक दिवसाआड घेतेय आणि मला भीती वाटतेय."

सूप थांबलं. साहू दीदीने खाली बघितलं. मावशी माझ्यावर अशी भडकली, की गल्ली गोळा व्हायची बाकी राहिली. "सांगाले काय झालं होतं तुले? पंधरा दिवसांपासून माह्या घरात राहून राहिली, अन् गोळ्या मोजून राहिली? लाज नाही वाटत?" आणि मग उंबरठ्यावरच बसून रडायला लागली. मीही बसले. तांदूळ दोघींच्या मध्ये सांडले.

मावसाजींनी रेडिओचा स्क्रू खाली ठेवला, माझ्याकडून डॉक्टरांचा कागद मागून घेतला आणि स्कूटर काढली. वीस मिनिटांत दोन पट्ट्या घेऊन परत आले. कधी नव्हे ते तावातावाने बोलत होते. "दुकानवाला हळूच इचारते, किसके लिए है. मी म्हटलं, माह्या पोरीसाठी. पुरं दुकान आयकत होतं. मी मोठ्यानंच म्हटलं."

त्या रात्री मी नेहमीच्या वेळी गोळी घेतली, सगळ्यांसमोर, आणि व्हिटॅमिनची बाटली कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी मावशी मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक दिवसाआडच्या प्रयोगाबद्दल चांगलं फैलावर घेतलं आणि गोळ्या तिथूनच मिळतील असं लिहून दिलं.

आणखी तीन आठवडे राहिले. तेवढ्या दिवसांत चक्कर गेली, झोप परत आली. परतीचं तिकीट मी माझ्याच पैशांनी काढलं, तोऱ्याला जागून. पिशवीतले तांदूळ मावशीने सूप घेऊन पाखडले, धान वेचून, सडून त्यातच मिसळलं आणि म्हणाली, "ने घरी. तुही कमाई हाय." नोकरी सोडल्यानंतरची माझी पहिली. गाडीत कोणी विचारलं तर काय सांगायचं हे ठरवून बसले होते, तर समोरचे गृहस्थ थेट नाशिकपर्यंत घोरत आले.

घरी पोचले त्या संध्याकाळी मीच कुकर लावला. अकरा घरांचे तांदूळ एकसारखे शिजत नाहीत. काही शितं मऊ झाली, काही दाताखाली कडक राहिली. बाबांनी दुसऱ्या घासाला ताट सरकवलं. "कुठून आणलास हा तांदूळ?"

"मागून आणलाय. दारोदार फिरून," मी म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. बस, बाटली, दोन गोळ्या, खाटेवरचे बाबा. आई डोळे पुसत होती. मी मात्र मान वर करून बोलत होते. पुण्यात मोठा पगार होता तेव्हाही माझी मान अशी वर नव्हती. नोकरी अजून मिळालेली नव्हती, फोनचे हप्ते तसेच होते, पण त्या टेबलाशी माझ्याइतकं ताठ कोणीच बसलेलं नव्हतं.

बाबांनी ताट पुन्हा पुढे ओढलं, कडक शितांसकट एक मोठा घास घेतला आणि विचारलं, "आताच्या गोळ्या कधी संपतात?"

"पुढच्या गुरुवारी."

"मग बुधवारी सांग," ते म्हणाले. "आणि भात वाढ अजून."