खिळे जुळवणारा माणूस

वर्ध्याच्या एका साप्ताहिकात मी तेव्हा संगणकाच्या बातम्यांचं सदर लिहीत असे. शाळेत शिकवून झालं की मजकूर घेऊन छापखान्यात जायचो. तिथले एक कंपोझिटर माझा मजकूर एकेका अक्षराच्या शिशाच्या खिळ्यांनी जुळवत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. वाचताना त्यांचे ओठ हलत आणि बोटं न बघता नेमका खिळा उचलत.

एकदा मी मोठ्या हौसेनं लिहिलं, की नागपुरात आता संगणकावर अख्खं पान जुळतं, खिळे लागतच नाहीत. ते वाचताना त्यांची बोटं थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाकीचे लोक शनिवारी अंक निघाल्यावर वाचतीन, मास्तर. मले आजच भेव लागून राह्यलं."

हातातला खिळा परत कप्प्यात ठेवत ते हळूच म्हणाले, "पुढच्या खेपेले हे लिहा, का पन्नाशीच्या माणसाले ते मशीन शिकता येते का नाई."

मी हो म्हटलं आणि चौकशीसाठी नागपूर गाठलं. तिथल्या छापखान्यात संगणकांच्या गार खोलीत सगळी विशीतली पोरं बसली होती. पन्नाशीच्या कंपोझिटरला हे शिकवाल का, असं मी विचारलं, तेव्हा तिथला व्यवस्थापक हसून म्हणाला, "एवढा जुना माणूस इथं काऊन आणता?"

पुढचा मजकूर मी छापखान्यात नेला नाही. टपालानं पाठवला.