रसूलबीनं नेसलेलं लुगडं

मंडळी, शेजारचे लोक लग्नाला गेलेत आणि त्यांचा कुत्रा आज सकाळपासून बागेत उन्हात बांधलेला. कुंपणाखालून पाणी सरकवलं, तर माझ्यावरच गुरगुरला. शेजाऱ्यांना फोन केला, संध्याकाळी येतो म्हणाले. तोवर जिवाला चैन न्हाई आणि सारखी रसूलबी आठवून राह्यली.

अठ्ठेचाळीस सालची गोष्ट. मी आठ वर्षांची होते. रझाकारांच्या भीतीनं आम्ही निजामाच्या राज्यातलं आमचं मंठा गाव सोडून बैलगाडीनं वऱ्हाडात मामाकडे गेलो. आमची काळी कुत्री नुकतीच व्यालेली, पिल्लांपासून हलेना. तिला परसबागेतच सोडावं लागलं.

काही महिन्यांनी परतलो, तर काळी आणि चारही पिल्लं जिवंत! शेजारची रसूलबी मात्र वाळून गेल्ती.

आईनं विचारलं, "बी, ही माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात न्हाई. तुमच्या हातचं खाल्लं कसं?"

रसूलबी लाजली. "दोन दिवस भाकरीला शिवली न्हाई, वहिनी. जवळ गेलं की चावायला धावायची. पिल्लं मरतील म्हणून मला घास उतरंना. मंग तुमचं दोरीवर राहिलेलं लुगडं नेसून गेले. तुमचा वास आला तवा बराबर खाल्लं. मंग रोज माझ्यातली अर्धी भाकर तिला."

त्या दिवसांत मुसलमान बाईनं हिंदू बाईचं लुगडं नेसायचं! नवरा लई चिडला, म्हणे. तरी पिल्लं मोठी होईस्तोवर ती रोज नेसत राहिली.

आईनं रसूलबीला मिठी मारली.

एवढी हिंमत माझ्यात असती का? आणि तुमच्यात?