कायमचे आलात का?

उकंडरावांनी उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली. अख्ख्या तालुक्याला "कुठं जायचं?" विचारलं, पण दुबईहून आलेल्या स्वतःच्या पोराला "परत कधी जातो?" एवढं विचारायला त्यांची जीभ रेटेना. उत्तराची भीती, दुसरं काय. बायको भागिरथा गेल्यापासून आसेगावच्या त्या घरात टीव्हीशिवाय कोणी बोलत नव्हतं. आता प्रसेनजित समोर जेवायला बसायचा, भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरायचा, आणि म्हाताऱ्याला ती कुरकुरही गोड लागायची. पोरगा इथंच राहावा, बाकी काही नको. शेजारी खोदून विचारत, तेव्हा "हाये अजून" म्हणत ते विषय टाळत.

दिवाळी उलटली तसा प्रसेनजित त्यांना सोबत घेऊन वाशीमला गेला, कराच्या कामाला. करसल्लागार भागवत यांनी पासपोर्टवरचे शिक्के पाहिले आणि सरळ विचारलं, "कायमचे आलात, की परत जाणार?"

उकंडराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहू लागले.

"जाणार असाल तर वर्षातल्या इथल्या मुक्कामाची मुदत संपायच्या आत जा," भागवत समजावू लागले. "मग तिकडच्या पगारावर इथं कर नाही. तिकडून पैसे पाठवता त्या खात्याचं व्याजही माफ. मुक्काम लांबला, तर मात्र तिकडची कमाईसुद्धा इथं दाखवावी लागेल. काही आभाळ कोसळत नाही, कर भरायचा."

प्रसेनजित बापाकडं वळला. "काय करू, बाबा?"

थांब म्हणायचं होतं, फक्त एवढंच. पण पोरानं परक्या मुलखात उन्हातान्हात कमावलेलं आपल्या एकटेपणापायी कापलं जावं, हे म्हाताऱ्याला सहन होईना.

"जाते ना तो परत," ते भागवतांना म्हणाले. "कायले फुकट टॅक्स भरते."

प्रसेनजितनं मान खाली घातली. पंधरवड्यात तो गेलासुद्धा. घरात पुन्हा टीव्ही बोलू लागला.

उन्हाळ्यात एकदा फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि प्रसेनजित म्हणाला, "बाबा, त्या दिवशी तुमी थांब म्हनले असते, तं थांबलो असतो मी. कायमचं राहालेच आलो होतो."

"मंग बोलला काहून नाही?"

"मले वाटलं, तुमाले मी नको झालो."

सांगायचं खूप होतं. उकंडरावांनी टीव्ही बंद केला.

"जेवला का तू?" शेवटी त्यांनी विचारलं.