दहा तारखेची वेष्टी

मरुदाचलम एकतीस वर्षे ईरोडच्या एका ब्लीचिंग कारखान्यात कापड शुभ्र करीत आहेत. रसायनांनी त्यांची नखे नावापुरती उरली आहेत. त्या कापडाची ताकद मोजणे हे माझे काम. बोअरच्या पाण्यात लोह वाढले आहे, हे मी मालकांना तीन पत्रांतून सप्रमाण कळविले. "कापड पांढरं निघतंय ना? मग तुम्ही कशाला काळे पडताय?" हे त्यावरचे एकमेव उत्तर.

गुरुवारी मी दहा तारखेच्या खेपेतील पट्टी यंत्रावर ताणली. कोरडी टिकली, भिजवलेली तटकन तुटली. निरोगी कापूस ओला झाला की अधिक बळकट होतो. लोहामुळे ब्लीचच्या पेरॉक्साइडने पोखरलेला कापूस मात्र पाण्यातच दगा देतो.

मरुदाचलम शेजारी उभे होते.

"दहा तारखेची?" ते स्टुलावर बसले. "माझी वेष्टी त्याच टाकीत टाकली होती, सार. सुपारीचे डाग होते. पूंगोडीनं तिचाच पाळणा बांधलाय."

आजोबांच्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, नातवंड झोपवायचे, ही इथली रीत. नात तीन महिन्यांची. त्या वयात पाळणा कोरडा राहत नाही.

पूंगोडीचा, त्यांच्या लेकीचा, फोन लागला नाही. बाळ झोपले की ती तो बंदच ठेवते. आम्ही माझ्या स्कूटरवरून निघालो.

"मी ओढून पाहिली होती, सार. चांगली होती."

"कोरडी?"

"कोरडीच." ते पुढे वाकून रस्ता पाहू लागले. मग म्हणाले, "जरा जोरात घ्या."

पूंगोडी ओसरीवर तांदूळ निवडत होती. "अप्पा, या वेळी? हाकललं की काय कारखान्यातून?"

ते तसेच आत गेले. तुळईला टांगलेल्या वेष्टीखाली फरशी ओली होती. त्यांनी दोन्ही हात खालून घालून बाळ उचलले.

"आत्ताच डोळा लागला होता तिचा. आता तुम्हीच गा अंगाई."

त्यांनी बाळ तिच्याकडे दिले आणि ओल्या भागावर अंगठा दाबला. तो आरपार गेला. पूंगोडीने तांदळाचे हात तसेच बाळाभोवती आवळले.

चौथ्या पत्राला मी ती वेष्टी जोडली. उत्तर अद्याप नाही. मरुदाचलम मात्र आता प्रत्येक खेपेतील एक पट्टी भिजवतात आणि यंत्राची वाट न पाहता, दोन्ही हातांनी, डोळे मिटून ओढतात.