एर्सीलियाचा बंगला

आमच्या गल्लीत इस्त्री करून पोट भरणारी एर्सीलिया गेर्सी बासष्टाव्या वर्षी एकाएकी समुद्रकाठच्या बंगल्याची मालकीण झाली. तिला ते कळलं नगरपालिकेच्या नोटिशीतून: बंगला तुमच्या नावावर, अकरा वर्षांची घरपट्टी थकली, एकतीस हजार युरो भरा.

त्या बंगल्यात उन्हाळाभर मिलानचे इंजिनिअर बोर्दिगोनी राहत. त्यांचे शर्ट हीच इस्त्री करी. "पाण्याच्या जोडणीचे कागद आहेत," म्हणून एकदा त्यांनी तिला नोटरीकडे नेलं होतं. नोटरीनं मंत्र म्हटल्यासारखं भराभर वाचलं, आणि ज्या कागदांवर बोट ठेवलं त्यांवर हिनं सह्या केल्या.

"मालकीणबाई, एखादी खोली द्या की भाड्यानं!" मी म्हणालो. माझं मासळीचं दुकान तिच्या शेजारीच.

"तुला? वासानं बंगल्याचा भाव उतरेल!"

हसली खरी, पण बंगला आपला नाही हे कोर्टात सिद्ध करायला त्याच दुपारी तिनं वकील गाठली.

तिची वकील देल्फीना, तिशीतली पोरगी. कोर्टात इंजिनिअर शांतपणे म्हणाले, "मी तिथला पाहुणा. मालकीण त्याच." बंगला आपला म्हटलं, तर तो घ्यायला पैसा कुठून आला हे आयकरवाल्यांना सांगावं लागलं असतं. न्यायाधीशांनी ते शब्द तसेच लिहून घेतले.

बाहेर येताच एर्सीलियानं विचारलं, "तो स्वतःच्या तोंडानं स्वतःला पाहुणा म्हणतोय, मग मला माझ्या घरात जाता येईल?"

"का नाही? खुशाल जा!" देल्फीना म्हणाली.

रविवारी देल्फीनासकट आम्ही सगळी गल्ली बंगल्यावर जेवायला. इंजिनिअरांचे शब्द लिहिलेला कोर्टाचा कागद बघून माळ्यानं फाटक उघडलं, पण मालकाला फोनही केला. मी मासे तळले, एर्सीलिया गच्चीवर यजमानीण बनून वाढत होती. जेवणं आटपायच्या आत मिलानहून इंजिनिअर धापा टाकत आले.

"चालते व्हा सगळे! बंगला माझा आहे!"

"अहो, पाहुणे ना तुम्ही?" एर्सीलिया म्हणाली. "बसा, दोन घास खा."

"कसला पाहुणा! हा बघा करार! पैसे माझे, तुमचं नुसतं नाव. खाली सही तुमचीच!"

देल्फीनानं तेलकट बोटं पुसली, कागद वाचला आणि फोटो काढला. "इतके दिवस हाच तर शोधत होते, साहेब. आभारी आहे!"

पुढच्या तारखेला तो करार न्यायाधीशांसमोर गेला. निकाल लागला: बंगला इंजिनिअरांचा, घरपट्टी दंडासकट त्यांचीच. आयकरवाल्यांची नोटीसही मागोमाग गेली.

"हातचा बंगला गेला, वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाईट कसलं रे! आता पोस्टमन दिसला की दार लावून घ्यावं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी ती दहा वाजेपर्यंत झोपली. गल्लीतले निम्मे पुरुष चुरगळलेल्या शर्टांत कामाला गेले.